डबे वेगळे, गाडी एकच

एका उद्योजिकेचं पत्र आलं आहे. घरगुती वापराच्या वस्तू ऑनलाइन विकण्याचा त्यांचा व्यवसाय. ऑफिस, गोदाम आणि पॅकिंगची जागा एकाच इमारतीत, माणसं चाळीसेक. वर्षभरापूर्वी त्यांनी उत्साहानं रंगीत डबे आणले, भिंतीवर तक्ते लावले आणि वेबसाइटवर ‘आमचा सगळा कचरा रिसायकल होतो’ असं लिहिलं. मध्यंतरी एका संध्याकाळी उशिरापर्यंत थांबल्या असताना त्यांना दिसलं, की सफाईच्या मावशी सगळे डबे एकाच काळ्या पिशवीत रिकामे करताहेत. विचारल्यावर मावशी म्हणाल्या, ‘गाडीत सगळं एकत्रच जातं, मग मी वेगळं कशाला बांधू?’ त्या रागाच्या भरात सफाईची एजन्सी बदलावी, कर्मचाऱ्यांना दंड लावावा असं त्यांच्या मनात आलं. भागीदाराचं मत वेगळंच आहे: डबे काढून टाकू, वाक्य राहू दे, सगळेच असं लिहितात. त्यातच एक नवा ठेकेदार सध्याच्यापेक्षा कमी पैशांत ‘सगळं नेतो, शंभर टक्के रिसायकल करतो’ म्हणतो आहे. पत्राचा शेवट असा: ‘आमच्या एवढ्याशा व्यवसायानं करून काय फरक पडणार? सोडूनच द्यावं का?’

आधी मावशींबद्दल बोलू, कारण पत्रातला बराचसा राग त्यांच्यावर निघाला आहे. त्यांनी तुम्हाला फसवलेलं नाही. प्रत्येक डब्याची वेगळी पिशवी बांधायची, त्या सगळ्या मागच्या दारापर्यंत वाहून न्यायच्या आणि तिथे त्या एकाच गाडीत एकमेकींवर फेकल्या जाताना बघायच्या. हे रोज करावं लागलं तर कुणीही थोड्याच दिवसांत एकच पिशवी घेईल. तुमच्या कचऱ्याचं पुढे काय होतं हे अख्ख्या कंपनीत फक्त त्यांना ठाऊक होतं, आणि वर्षभरात त्यांना ते कुणी विचारलं नाही. एजन्सी बदललीत तर नव्या मावशी येतील, गाडी तीच राहील. दंड लावलात तर लोक कचरा वेगळा करण्याऐवजी तो दुसऱ्याच्या डब्यात टाकायला शिकतील.

पहिलं काम वेबसाइटचं, आणि ते आजच करा. ते वाक्य खरं नाही हे आता तुम्हाला कळलं आहे. कालपर्यंत तो गैरसमज होता, उद्यापासून ती थाप ठरेल. ‘सगळेच लिहितात’ ही भागीदाराची सबब व्यवसायाच्या दृष्टीनंही कच्ची आहे. कंपन्यांनी स्वतःहून केलेल्या पर्यावरणविषयक दाव्यांसाठी आयएसओ १४०२१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. दावा अचूक हवा, पडताळता यायला हवा आणि ‘पर्यावरणपूरक’ असे मोघम शब्द वापरू नयेत, असं ते सांगतं. वाक्य काढल्यावर तिथे काही दिवस काहीच लिहू नका. पुढे लिहायचं झालं तर इतकंच लिहा, की आमचा कोरडा पुठ्ठा अमुक कारखान्यात जातो, गेल्या तीन महिन्यांत इतके किलो गेला आणि मिश्र प्लास्टिकची सोय आम्हाला अजून सापडलेली नाही. ग्राहकाला हे शेवटचं वाक्य वाचून तुमच्याबद्दल वाईट वाटेल, अशी भीती बाळगू नका.

आता तो नवा ठेकेदार. ‘शंभर टक्के रिसायकल’ हे शब्द ऐकले की मी सावध होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, १९५० पासून २०१५ पर्यंत जगात तयार झालेल्या प्लास्टिकचा हिशोब मांडला होता. सुमारे ८३० कोटी टन उत्पादन, त्यातलं ६३० कोटी टन कचऱ्यात गेलेलं, आणि त्या कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के रिसायकल झालेलं. १२ टक्के जाळलं गेलं, उरलेलं ७९ टक्के जमिनीत भरावात किंवा उघड्यावर पडलं. अशा परिस्थितीत तुमच्या गोदामातला मिश्र कचरा घेऊन कुणी त्यातलं सगळं रिसायकल करणार असेल, तर ते कसं, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

हा प्रश्न मोठमोठ्या देशांनीही विचारला नव्हता. कित्येक वर्षं श्रीमंत देशांत वेगळा काढलेला कागद आणि प्लास्टिक जहाजात भरून चीनला जायचं आणि ते रवाना झालं, की ‘रिसायकल’ या रकान्यात मांडलं जायचं. २०१८ मध्ये चीननं त्यातल्या बहुतेक मालाला दार बंद केलं आणि ठिकठिकाणी गठ्ठ्यांचे ढीग साठले. २०२१ पासून, देशोदेशींच्या कचरा वाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या बाझल या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुरुस्तीनुसार, बहुतांश मिश्र, मळकं प्लास्टिक दुसऱ्या देशात पाठवायला त्या देशाची पूर्वसंमती लागते. म्हणजे ‘माझ्या दारातून गेलं, विषय संपला’ ही समजूत तुमच्या एकटीची नाही.

त्या ठेकेदाराला विचारा: आमच्या फाटकातून निघालेली गाडी पहिली कुठे थांबते? तिथे वर्गीकरण कोण करतं? पुठ्ठा कोण विकत घेतं, गुंडाळायची प्लास्टिक फिल्म कोण घेतं? न विकला जाणारा माल किती निघतो आणि तो कुठे जातो? दर फेरीची वजनाची पावती मिळेल का? आम्ही एक दिवस गाडीमागे येऊन बघू का? प्रामाणिक माणूस यातल्या एखाद्या प्रश्नावर ‘इतका माल तर फेकावाच लागतो’ असं सरळ सांगेल, आणि मला तोच उमेदवार पसंत पडेल. वर्गीकरणाला माणसं लागतात, वाहतुकीला इंधन लागतं. हे सगळं करून जो इतरांपेक्षा स्वस्त पडतो, त्याचे पैसे कुठे वाचतात? पुष्कळदा ते रात्री एखाद्या ओढ्याकाठी गाडी रिकामी करण्यात वाचतात. त्या ढिगात तुमच्या कंपनीचं नाव छापलेली खोकी सापडली, तर विचारणा तुमच्याकडेच येईल. बऱ्याच देशांच्या कायद्यांत कचरा निर्माण करणाऱ्याची जबाबदारी तो दुसऱ्याच्या हाती दिल्यावरही संपत नाही.

पण त्याआधी तुमच्या पिशवीत आहे काय, हे बघायला हवं. एक आठवडा रोज संध्याकाळी गोदामात ताडपत्री पसरा, जाड हातमोजे आणि बंद बूट घाला, वजनकाटा आणा आणि त्या दिवसाचा कचरा त्यावर ओता. हे काम मावशींवर टाकू नका. तुम्ही स्वतः करा आणि भागीदाराला बरोबर घ्या. त्यांना पटवायला माझ्या पत्रापेक्षा ती ताडपत्री जास्त उपयोगी पडेल.

काय दिसेल ते मी बऱ्यापैकी सांगू शकते. कुरिअरची फुगीर पाकिटं निघतील, बाहेरून कागद, आतून बुडबुड्यांचं प्लास्टिक चिकटवलेलं. दोन्ही हातांनी ओढून बघा. कागद फाटतो, पण त्याचा पातळ थर प्लास्टिकला धरून राहतो. ना ते कागदात जातं ना प्लास्टिकमध्ये. पत्त्याची लेबलं सोलल्यावर उरणाऱ्या गुळगुळीत पट्ट्यांची भेंडोळी निघतील. तो कागदच आहे असं सगळ्यांना वाटतं, पण त्यावर सिलिकॉनचा थर असतो आणि साध्या रद्दीत तो चालत नाही. बिलं निघतील. त्यांच्यावर नख ओढलं आणि काळी रेघ उमटली, तर तो थर्मल कागद. त्याच्या लेपात बऱ्याचदा बिस्फेनॉल हे आरोग्याला अपायकारक मानलं जाणारं रसायन असतं, म्हणून तो रद्दीत मिसळू नये. आणि अर्धवट भरलेले कागदी कप निघतील, आतून पॉलिथिनचा थर असलेले. असा एक कप पिशवीत आडवा झाला, की खालचा चांगला पुठ्ठा भिजतो. ओल्या पुठ्ठ्याला गिऱ्हाईक नाही. तुमच्या कर्मचाऱ्यांनी पुठ्ठा बरोबर डब्यात टाकला होता, तो कपानं वाया घालवला.

वस्तूंच्या बुडाशी बाणांच्या त्रिकोणात आकडे दिसतील. त्या चिन्हामुळे भलेभले चकतात. १९८८ मध्ये प्लास्टिक उद्योगानं ही पद्धत आणली ती प्लास्टिकचा प्रकार ओळखू यावा म्हणून. वस्तू रिसायकल होते, असं तो आकडा सांगत नाही. १ म्हणजे पीईटी, पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक, आणि ३ म्हणजे पीव्हीसी, पाइपांचं प्लास्टिक. ही दोन शेजारीशेजारी दिसायला सारखी असू शकतात, पण पीईटी वितळवण्याच्या तापमानाला पीव्हीसीचं विघटन होऊन आम्ल सुटतं आणि थोड्याशा भेसळीनं सगळा घाणा बिघडतो. म्हणून ‘असू दे, टाकून ठेवू, होईल रिसायकल’ हा भाबडा आशावाद चांगल्या मालाचं नुकसान करतो. शंका असेल ती वस्तू बिनदिक्कत मिश्र कचऱ्यात टाका, असंच कर्मचाऱ्यांना सांगा.

आठवड्याच्या शेवटी वजनं मांडलीत, की आणखी एक गोष्ट लक्षात येईल, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. तुमचा बराचसा कचरा तुमच्या डब्यांत नाहीच. तो तुमच्या ग्राहकांच्या घरी आहे. रोज जितकी पार्सलं बाहेर पडतात तितकी खोकी, तितकी भरणं, तितक्या टेपा दुसऱ्या कुणाच्या तरी केराच्या टोपलीत जातात. त्यांचं काय करायचं हा प्रश्न तुम्ही पॅकिंगच्या टेबलावर, खरं तर खरेदीच्या ऑर्डरवर सही करतानाच ठरवून टाकलेला असतो. त्यानंतर रंगीत डब्यांवर जोर देणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला.

म्हणून तुमचा वेळ आणि पैसा तिकडे वळवा. १९७९ मध्ये नेदरलँड्सच्या संसदेत खासदार आड लान्सिंक यांनी कचऱ्याचा प्राधान्यक्रम मांडला होता. पुढे युरोपीय संघानं २००८ च्या निर्देशात त्याच्या पाच पायऱ्या कायद्यात घेतल्या. आधी कचरा होऊच न देणं, मग वस्तू पुन्हा वापरता येईल असं करणं, तिसऱ्या पायरीवर रिसायकलिंग, मग ऊर्जा वगैरे मिळवणं आणि सगळ्यात शेवटी विल्हेवाट. तुमचं वर्षभराचं सगळं काम तिसऱ्या पायरीवर चाललं होतं.

पहिल्या दोन पायऱ्या तुमच्यासारख्या व्यवसायात कशा दिसतील? गेल्या काही महिन्यांच्या ऑर्डरी काढून बघा, कोणत्या मापाच्या वस्तू जास्त जातात. बहुतेक ठिकाणी दोन-तीन मापांची खोकी मागवलेली असतात आणि पॅकिंगचा मुलगा मुठीएवढी वस्तू मोठ्या खोक्यात ठेवून उरलेली पोकळी प्लास्टिकनं भरतो. त्यात त्याची चूक नाही, त्याच्या हाताशी योग्य खोकंच नसतं. मापं बदलली, की पुठ्ठा वाचतो, भरण वाचतं आणि गाडीत जास्त पार्सलं मावतात. मालाबरोबर आलेली चांगली खोकी फाडू नका, त्यांतूनच माल पाठवा. वर जुनं लेबल दिसलं तर ‘हे खोकं दुसऱ्यांदा वापरलं आहे’ असा शिक्का मारा. फुगीर पाकिटांऐवजी संपूर्ण कागदाची पाकिटं मागवा. पुरवठादाराला सांगा, की पॅलेट आणि क्रेट परत न्यायचे, आणि हे पुढच्या करारात लिहून घ्या. तोंडी ठरलेलं टिकत नाही.

‘कंपोस्ट होणारं’ प्लास्टिक विकायला कुणी आलं तर लगेच भुलू नका. पीएलए सारख्या, मक्यासारख्या पिकांपासून बनणाऱ्या प्लास्टिकला कुजायला औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पातलं ५८ अंश सेल्सिअसच्या आसपासचं तापमान लागतं. तुमच्या ग्राहकांजवळ असा प्रकल्प नसेल तर ते इतर कचऱ्यासोबत पडून राहील, किंवा पीईटीच्या गठ्ठ्यात शिरून तो खराब करेल.

आणि परत आलेला माल बघा. ऑनलाइन विक्रीत याबद्दल फार कमी बोललं जातं. चुकीचं माप, अपुरं वर्णन, फसवा फोटो यामुळे वस्तू परत येते, तिचं पॅकिंग दोनदा वाया जातं आणि कधीकधी वस्तूही अडगळीत पडते. वेबसाइटवर वस्तूची नेमकी मापं आणि खरा फोटो देणं हे कचरा कमी करण्याचंच काम आहे. तेच सवलतीत भरमसाट मागवलेल्या मालाचं. मुदत संपली, की ती सवलत कचऱ्याच्या गाडीत जाते. तुमच्या खरेदीच्या अर्जावर एक रकाना वाढवा: ‘वापर झाल्यावर याचं काय होणार आणि ते कोण करणार?’ रकाना रिकामा असेल तर सही करू नका.

हे करूनही काही कचरा उरणारच, आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. जपानमधल्या कामिकात्सू या छोट्या गावानं २००३ मध्ये शून्य कचऱ्याचा संकल्प केला. तिथले लोक कचरा चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळा करतात, स्वतः केंद्रावर आणून देतात. इतक्या शिस्तीनंही रिसायकलिंगचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांपर्यंतच पोचलं. बाकीच्या कित्येक वस्तू अशा बनवलेल्या असतात, की त्यांचं पुढे काही करताच येत नाही.

जे वेगळं काढायचं ते मोजकं काढा आणि नीट काढा. धातू, विशेषतः अॅल्युमिनियम, कधीच मिश्र कचऱ्यात जाऊ देऊ नका. खनिजापासून नवं बनवण्याच्या तुलनेत ते पुन्हा वितळवायला सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते. कोरडा पुठ्ठा सपाट करून बांधा. पॅलेटला गुंडाळलेली पारदर्शक फिल्म लेबलं काढून वेगळ्या गोणीत भरा. स्वच्छ असली तर तिला खरेदीदार मिळतो. जेवणाच्या सुट्टीतला ओला कचरा झाकणाच्या डब्यात वेगळा ठेवा आणि जवळच्या कंपोस्ट करणाऱ्याकडे द्या. भरावात हवेशिवाय कुजला तर त्यातून मिथेन निघतो. सुरुवातीला एवढं पुरे.

बॅटऱ्यांची बाब मात्र पुढे ढकलू नका. लिथियमची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली, की पेट घेऊ शकते, आणि त्या गाडीवर माणसं असतात. पॅकिंगचे स्कॅनर, जुने फोन, काही वायरलेस माऊस यांत त्या असतात. टोकांना चिकटपट्टी लावून त्या वेगळ्या डब्यात कोरड्या जागी ठेवा आणि अधिकृत संकलन केंद्रालाच द्या. जुने संगणकही तिथेच. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. बाकीचा बराचसा तारा जाळून, आम्लात बुडवून धातू काढणाऱ्यांच्या हातात पडतो. शिवाय फाइल डिलीट केल्यानं डिस्कवरची माहिती जात नाही. ग्राहकांचे पत्ते, फोन नंबर तिथेच असतात. ती रीतसर पुसून किंवा डिस्क नष्ट करून तसं प्रमाणपत्र घ्या.

डब्यांचं म्हणाल तर ते काढू नका, हलवा. प्रत्येक टेबलाखालची टोपली उचला आणि सगळे डबे एका जागी शेजारीशेजारी ठेवा. मिश्र कचऱ्याचा डबा शेजारी नसेल, तर लोक हाताला येईल त्या डब्यात टाकतात. कागदाच्या झाकणाला लांबट फट, बाटल्यांना गोल भोक, असं केलं की हात आपोआप थबकतो. छापील तक्त्यांऐवजी ताडपत्रीवर सापडलेल्या तुमच्याच वस्तूंचे फोटो लावा: हे पाकीट इथे, ही पट्टी इथे. कपातलं उरलेलं ओतायला डब्यांशेजारी एक बादली ठेवा.

मावशींशी तुम्ही स्वतः बोला, एजन्सीमार्फत नको. गाडी कधी येते, चालक काय घेतो, काय नाकारतो, पिशव्या कुठे फाटतात, हे त्यांना विचारा. वेगळ्या पिशव्यांना जास्त वेळ लागतो. त्या वेळेचे पैसे करारात वाढवून द्या आणि ते त्यांच्या हातात पडतात ना, याची खात्री करा. पुठ्ठा विकून येणारी रक्कम वर दिलीत तर उत्तमच, पण ती पगाराऐवजी नको. आणि काचा, टाचण्या, ब्लेडं यांच्यासाठी वेगळा घट्ट डबा ठेवा. त्यांचे हात रोज त्या पिशवीत जातात.

ज्यांचा व्यवसाय पार्सलांचा नाही अशा वाचकांनाही क्रम हाच लागू पडतो: दावा तपासा, गाडीमागे जा, पिशवी उघडा, मग खरेदीकडे वळा. छापखान्यात शाईचे डबे आणि कातरण निघेल, कारखान्यात तेलकट चिंध्या, दवाखान्यात जैववैद्यकीय कचरा. या शेवटच्या दोन प्रकारांना वेगळे कडक नियम असतात. तिथे स्वतः प्रयोग न करता परवानाधारक सेवाच घ्यावी.

‘एवढ्याशा व्यवसायानं काय फरक पडणार’ याचं उत्तर तुमच्या पाठवणीच्या वहीत आहे. वर्षाला किती पार्सलं जातात तो आकडा काढा आणि प्रत्येकातून एक मूठ प्लास्टिक कमी केलं तर किती होईल, हे भागीदारासमोर मांडा. सोबत पुठ्ठ्याची, भरणाची आणि कचरा उचलण्याची बिलंही ठेवा. त्यांना पैशाची भाषा पटत असेल तर त्याच भाषेत बोला, त्यात काही कमीपणा नाही.

नव्या ठेकेदाराला लगेच होकार देऊ नका. त्याच्याकडून वरच्या प्रश्नांची लेखी उत्तरं मागा. सध्याच्या ठेकेदारालाही तेच प्रश्न विचारा आणि पुठ्ठ्यासाठी वेगळी फेरी देता येईल का, ते बघा. कदाचित आजवर कुणी मागितली नसेल म्हणून त्यानं दिली नसेल. दोघांकडून उत्तर आलं नाही, तर पुठ्ठा, धातू आणि फिल्म तुम्ही थेट भंगारवाल्याला विका, उरलेला मिश्र कचरा सध्याच्याच गाडीत जाऊ द्या आणि तो किती किलो गेला हे दर आठवड्याला लिहून ठेवा.